ठीक आहे असं कोण म्हणतंय?

कुठल्याही कंट्रोल रूममध्ये सायरन वाजला की माणसं धावतात. आमच्याकडे सायरन वाजला की मास्तर निवांत चहा प्यायचे आणि काहीच वाजलं नाही की कप ठेवून पडद्यापुढे जाऊन उभे राहायचे. "वाजतोय ना? म्हणजे जिवंत आहे. जो गप्प आहे त्याचं बघा," असं म्हणून ते बशीतला चहा फुर्रकन ओढायचे. तिकडे शेवगावात एखाद्या सराफाच्या दुकानात मांजर शिरलेलं असायचं आणि भोंगा बोंबलत असायचा. सराफाला फोन करायचा, शेजारच्या दुकानदाराला उठवायचं, मांजर आहे की माणूस ते विचारायचं, हे सगळं माझ्या बोकांडी.

मास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे, आणि ते कधी शाळेत शिकवायलाही नव्हते. आयुष्यभर टेलिफोन खात्यात लाइनी तपासल्या, निवृत्त झाले आणि नगरच्या सावेडीतल्या आमच्या अलार्मच्या कंपनीत येऊन बसले. हजेरी मास्तर हे नाव मी ठेवलं. माणूस दिवसभर दुसरं करायचा तरी काय!

आमचं काम आधी सांगते, नाहीतर मास्तर कळायचे नाहीत. पतसंस्था, सराफ, दूध डेअऱ्या अशा गिऱ्हाइकांच्या भिंतीवर आमची एक पेटी असते. पेटीत मोबाईलसारखं सिमकार्ड. चोर शिरला की पेटी आम्हाला कळवते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण चोरबिर कोणी नसतानाही ती दर थोड्या वेळानं गुपचूप एक निरोप पाठवत असते : मी आहे, सगळं ठीक आहे. तो निरोप चुकला की आमच्या पडद्यावर त्या शाखेची ओळ लाल होते. सिम बंद पडलं असेल, बॅटरी उतरली असेल, टॉवरला वीज नसेल, किंवा खरंच कुणी तार कापली असेल. त्यातलं नेमकं काय झालंय ते शोधायचं, यासाठी मास्तरांची नेमणूक.

पडद्यावर इंग्रजीत काहीही लिहून येवो, मास्तरांची भाषा ठरलेली. निरोप आला नाही म्हणजे गैरहजर. बॅटरी उतरली म्हणजे आजारी. सकाळी येऊन चष्मा पुसत ते पडद्यापुढे उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात सुरू व्हायचे, "शेवगाव हजर. राहुरी आजारी. कोपरगाव, अरे उशिरा का?" एकदा एक बाई मुलाच्या प्रवेशाची चौकशी करायला वर आल्या होत्या. त्यांची काय चूक?

कुणाचंही 'ठीक आहे' त्यांना चालत नसे. कचेरीत आल्यावर मी म्हणायची, "काय मास्तर, बरे ना?" तर हे विचारणार, "बरा आहे असं कोण म्हणतंय? मी म्हणतोय. मला काय कळतंय?" घ्या! खुर्चीवर बसायच्या आधी ती हलवून बघायची, लिफ्टमध्ये शिरायच्या आधी वॉचमनला आत पाठवायचं, डब्यातली भाजी आधी माझ्या ताटलीत वाढायची आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचं. मी मुद्दाम एकदा घास घेऊन डोळे फिरवले. त्यांनी झाकण लावलं आणि दिवसभर नुसत्या चहावर राहिले, म्हटलं बरी जिरली.

त्यांच्या खोड्या काही कमी नव्हत्या. आम्ही जाग्या आहोत का झोपलोय हे तपासायला ते हळूच मागच्या खोलीत जाऊन आमच्याच यंत्राची वायर काढायचे आणि दाराआड उभे राहून वाट बघायचे, की ताईंना कधी कळतंय. एकदा मी त्यांना जाताना पाहिलं. पडद्यावर लालच लाल झालं. मी आपली शांतपणे शेंगा सोलत बसले. एक शेंग, दुसरी शेंग. दाराआडून खोकला आला. मी तिसरी सोलली. शेवटी माणूस धावत बाहेर आला, "अहो ताई, लाल झालंय सगळं!" मी म्हटलं, "कुठं? मला तर हिरवं दिसतंय." मास्तर मटकन खाली बसले हो. त्यांना खरंच वाटलं की बाईचे डोळे गेले. मग मलाच पाणी द्यावं लागलं.

पण ज्ञान पक्कं होतं, हे मान्य करायला हवं. एक सराफ आमच्याकडे येऊन मिशीला पीळ देत होते, "माझ्या पेटीत दोन सिम आहेत. दोन वेगळ्या कंपन्यांची. एक गेलं तर दुसरं." मास्तर त्यांना हाताला धरून त्यांच्याच गच्चीवर घेऊन गेले. समोर एकच मनोरा, दोन्ही कंपन्यांची यंत्रं त्याच्यावरच टांगलेली. "शेठ," मास्तर म्हणाले, "म्हशी दोन घेतल्या, पण बांधल्या एकाच खुंट्याला." सराफांची मिशी उतरली. त्यांनी तिसरं सिम घेतो म्हटल्यावर मास्तरांनी कपाळाला हात लावला, ते वेगळं.

घरीही हाच खाक्या. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, स्वयंपाकघरात असल्या आणि भांड्याचा आवाज आला नाही, की बाहेरून हाक, "अगं, आहेस का?" काकू म्हणायच्या, "आहे." थोड्या वेळानं पुन्हा, "अगं, आहेस का?" संसारभर हे ऐकून बाईचे कान किटले. मग एक दिवस त्यांनी काय करावं? ओट्यावर रेडिओ लावला, मागच्या दारानं निघाल्या आणि थेट भजनी मंडळात जाऊन बसल्या. मास्तर बाहेर पेपर वाचतायत, आत रेडिओ बोलतोय, सगळं आलबेल. दुपारभर माणूस खूश. चहाच्या वेळी आत गेले तर ओटा मोकळा! त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की आवाज येणं वेगळं आणि माणूस जागेवर असणं वेगळं. काकू हा किस्सा सांगताना अजून पदर तोंडाला लावतात.

आता त्यांच्या या स्वभावाचा जाच गिऱ्हाइकांना किती व्हायचा, ते विचारू नका. ओळ लाल झाली की मास्तर फोन उचलणार. समोरचा बारशात आहे की बोहल्यावर, यांना देणंघेणं नाही. "तुमची शाखा गैरहजर आहे," एवढंच सांगायचं आणि पेटीवरचा दिवा बघून या म्हणून मागे लागायचं. आमचे मालक तरुण, बोलायला गोड. ते बिचारे तक्रारी झेलून झेलून वैतागले होते. सगळ्यात जास्त तक्रारी पाथर्डी तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या शाखेच्या. गाव डोंगराच्या पोटात, रेंज जेमतेम दोन काड्या, त्याही वारा सुटला की जायच्या. तिथला मॅनेजर भला माणूस, पण मास्तरांचा नंबर दिसला की त्याला घाम फुटायचा. शेवटी संस्थेच्या चेअरमननी मालकांना फोनवर सुनावलं. मालकांना ते फार लागलं, कारण धंदा सुरू केला तेव्हा त्यांची पहिली पेटी याच शाखेत लागली होती.

त्यांनी मास्तरांना सगळ्यांसमोर सांगितलं, "त्या शाखेतून आता एक जरी तक्रार आली ना, तर मास्तर, तुम्ही घरी बसायचं. मला दुसरा इलाज नाही."

संध्याकाळी मला काकूंचा फोन. आवाज एकदम खाली, कुणी ऐकू नये असा. "ताई, काहीही करा, पण ह्यांना नोकरीवरून काढू देऊ नका. दिवसभर घरात बसले तर मला वेड लागेल हो. निवृत्तीनंतरचे ते दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. आता कुठं दुपारची भजनाला जाते, हार्मोनियम शिकतेय." मी हसत होते, पण त्या हसत नव्हत्या. खरंच घाबरल्या होत्या. आणि मास्तर? ते जिन्यात मला म्हणाले, "घरी बसून मी कुणाची हजेरी घेऊ, ताई?" मला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

आणि बघा गंमत. दिवाळी झाली, पाथर्डीकडची माणसं ऊसतोडीला गेली, आणि त्या शाखेची ओळ जी हिरवी झाली ती हिरवीच. लाल व्हायचं नावच नाही. रेंज पाच काड्या! आम्ही म्हटलं, देव पावला. मालकांनी पेढे आणले. मास्तरांनी पेढा हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत बॉक्समध्ये ठेवला.

"पाच काड्या? त्या गावात? तिथं फोन लावायचा तर माणूस पाण्याच्या टाकीवर चढतो."

"नवीन टॉवर झाला असेल," मी म्हटलं.

"झालेला नाही. मी चौकशी केली."

दोन-तीन दिवस माणूस नुसता येरझाऱ्या घालत होता. फोन करावा तर तक्रार होणार, आणि तक्रार झाली की घरी. न करावा तर जिवाला चैन नाही. तोडीला जाताना बायका आपलं डोरलं, पाटल्या त्या शाखेच्या लॉकरमध्ये ठेवून जातात. घराला कुलूप, गाव अर्धं रिकामं. "आणि त्या बायांना आपण सांगितलंय की पेटी आहे, निर्धास्त जा," मास्तर मला म्हणाले. शेवटी ते मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि पाथर्डीला जायची परवानगी मागितली.

"का? फॉल्ट काय आहे?"

"फॉल्ट नाही, हाच फॉल्ट आहे."

मालकांनी पेन टेबलावर टाकलं. "जा. पण तिथं काही निघालं नाही, तर परस्पर घरीच जा. ताई, तुम्ही जा यांच्याबरोबर. माझ्या गिऱ्हाइकाशी भांडण नको."

माझं माहेर पाथर्डीचं, त्यामुळे माझी ना नव्हती. एसटीनं पाथर्डीपर्यंत आणि पुढं जीपनं. जीपमध्ये मास्तर ड्रायव्हरला विचारत होते, ब्रेक आहेत असं कोण म्हणतंय? मी मान फिरवून डोंगर बघत बसले.

शाखेत नुकताच रंग दिलेला होता. मॅनेजरनं आम्हाला पाहिलं आणि उठून थेट भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे जाऊन उभा राहिला. "या, या, बसा. चहा सांगतो." पण कॅलेंडरपुढून काही हलेना. मास्तरांनी मला खूण केली. मी फोन लावत जिन्यातून वर गच्चीवर गेले, कशीबशी एक काडी मिळाली. नगरला विचारलं, ही शाखा काय म्हणतेय? तिकडून उत्तर, "हजर आहे ताई, सगळं ठीक. पाच काड्या." मी खाली येऊन तसं सांगितलं.

"ऐकलं?" मास्तर मॅनेजरला म्हणाले. "तुमची पेटी म्हणतेय ती हजर आहे. मला जरा तिचं दर्शन घेऊ द्या."

मॅनेजर बाजूला झाला. मास्तरांनी कॅलेंडर उचललं. मागं चार भोकं आणि लोंबणाऱ्या तारा. पेटीचा पत्ता नाही.

आम्ही त्याच्या घरी गेलो. घर माळावर, उंचावर, तिथं रेंज झकास. आत कोनाड्यात, देवांच्या शेजारी, आमची पेटी! वर हळदकुंकू, एक झेंडूचं फूल, आणि दिवा लुकलुकतोय. मॅनेजरची म्हातारी आई कौतुकानं म्हणाली, "लई गुनी हाय. कवाच वरडत न्हाई. पोरगा म्हनला बंद करू नको, म्हून म्या हात बी लावत न्हाई."

रंगकामासाठी पेटी काढायची परवानगी आम्हीच फोनवर दिली होती. रंग झाल्यावर ती परत लावायची, तर मॅनेजरनं घरी आणून लावली. मग तारा तुटल्याचं पेटीला कळलं कसं नाही? मास्तरांनी तिचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. तारेच्या पार शेवटी, दारापाशी, एक छोटा रेझिस्टर बसवायचा असतो. पेटी त्याच्यावरून ओळखते की तार शाबूत आहे. इथं बसवणाऱ्यानं कंटाळा केला होता आणि तो पेटीच्या आतच जोडून टाकला होता. मास्तर मला म्हणाले, "पहारेकऱ्यानं दाराला हात लावून सांगायचं की दार बंद आहे. हा पठ्ठ्या खिशात एक छोटं दार घेऊन फिरतोय." म्हणजे इतके दिवस लॉकरवर पहाराच नव्हता, आणि पेटी देवाशेजारी बसून आम्हाला सगळं ठीक म्हणून कळवत होती.

आता मास्तर मॅनेजरवर तुटून पडणार असं मला वाटलं. त्यांनी सुरुवातही केली. पण मॅनेजरचा बांध फुटला. एरवी फोनवर शुद्ध बोलणारा माणूस, एकदम गावच्या बोलीवर आला.

"तुमच्या फोनापायी नेली मास्तर! दिवस न्हाई, वेळ न्हाई, गैरहजर, गैरहजर! आवो, माझ्या बापाच्या दहाव्याला आमी नदीवर कावळ्याची वाट बघत हुतो. लई येळ झाला, कावळा येईना. पोरं, बाया, सोयरे समदे गप. शेवटी एक कावळा आला, पिंडापाशी उतरला, चोच वाकवली, आन् माझा फोन वाजला. तुमचा! कावळा उडाला, मास्तर. परत आलाच न्हाई. दर्भाचा कावळा करून शिववला आमी."

म्हातारी खाली बघत हळूच म्हणाली, "समदं गाव म्हनलं, म्हाताऱ्याची काय तरी इच्छा ऱ्हायली. आजून म्हनत्यात."

मला आधी हसू फुटणार होतं, खोटं कशाला बोलू. पण मास्तरांचा चेहरा पाहिला आणि आत गिळलं. त्यांनी पेटी खाली ठेवली, म्हातारीपुढे गेले आणि हात जोडून म्हणाले, "आई, त्यांची काही इच्छा राहिली नव्हती. तो कावळा मी उडवला. गावात मी स्वतः सांगतो." आणि सांगितलं हो! पाराजवळ जी चार म्हातारी माणसं होती त्यांच्यापुढे उभं राहून, मोबाईल हातात धरून, कसा फोन लावला तेही सांगितलं. एक आजोबा म्हणाले, "व्हय का? मंग बरं झालं. आमी त्याच्या पोराला उगंच बोल लावीत हुतो."

दुपारी मास्तरांनी पेटी पुन्हा शाखेत लावली. रेझिस्टर दारापाशी बसवला आणि अँटेनाची लांब तार गच्चीवर नेऊन टाकीच्या पाइपाला बांधली. तीन काड्या आल्या. मॅनेजर शिडी धरून उभा होता, पण नोकरी जाईल या धास्तीनं शिडी सोडून सारखा कपाळ पुसत होता. मास्तर वरूनच म्हणाले, "शिडी नीट धरा. तुमची नोकरी जाणार नाही, पण माझा जीव जाईल."

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये मालकांनी विचारलं, "काय, निघालं का काही?"

"निघालं. आधी माझी चूक. मी त्या माणसाला इतकं छळलं, की त्यानं मला गप्प करायला पेटी घरी नेली. यापुढं फोन ताई करतील, कुणाचा कावळा बसलाय की नाही ते विचारून. मॅनेजरचीही चूक आहे, ती त्याला कळली. पण या दोघांच्या चुका पेटीनं पकडायला हव्या होत्या. तिनं का नाही पकडल्या, तर रेझिस्टर आत जोडला होता."

मालक ताडकन उठले. "कुठल्या गाढवानं जोडला?"

मास्तर छताकडे बघू लागले. मी टेबलावरचा पेपरवेट न्याहाळला. त्या शाखेचा नारळ फोडून, स्वतः स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन पेटी कुणी लावली होती, हे आमच्यापेक्षा मालकांनाच चांगलं ठाऊक होतं. हळूहळू त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते खाली बसले, पाणी प्याले.

"आणि मी... म्हणजे त्या काळात लावलेल्या बाकीच्या पेट्या?"

"सगळ्या उघडून बघाव्या लागतील," मास्तर म्हणाले. "एकूण एक."

"कोण बघणार?"

हा प्रश्न विचारायची तरी गरज होती का? मास्तरांच्या डोळ्यांत असं काही तेज आलं, की विचारू नका. जिल्हाभर फिरायचं, प्रत्येक पेटी उघडायची आणि कुणाच्याही 'ठीक आहे'वर विश्वास ठेवायचा नाही! मालकांनी त्यांना गाडी आणि ड्रायव्हर दिला.

मी लगेच काकूंना फोन लावला. म्हटलं, "काकू, नोकरी राहिली. वर फिरतीची झाली. रोज सकाळी निघायचं ते अंधार पडल्यावर घरी. कधी तिकडं अकोले तालुक्यात, कधी श्रीगोंद्याला, मुक्कामच."

"किती दिवस?"

"एवढ्या पेट्या व्हायच्या म्हणजे वर्ष तरी जाईल. मास्तर प्रत्येक पेटी दोनदा बघणार."

"तीनदा बघा म्हणावं," काकू म्हणाल्या. "घाई कशाला? आणि ताई, जरा थांबा हं फोनवर. देवापुढं साखर ठेवून येते."